खालच्या तसराळ्यातलं मेण

रुमेनाने पहिला डबा फळीवर उपडा केला, तशी मेणबत्त्यांची थोटकं खडखडत पसरली. कोरडी, फिकट पिवळी, नखाएवढी. दुसरा डबा तिने कानाशी हलवून पाहिला. आत ओली वाळू सरकली.

"हे काय नवीन, तिओसाव? दर वेळी एकच गोणी आणतोस."

तिओसाव चर्चची झाडलोट करायचा आणि घंटाही वाजवायचा. बस म्हणायची वाट न बघता तो तिच्या चुलीजवळच्या स्टुलावर बसला होता.

"नव्या पाद्रीबाबांचा हुकूम, वहिनी. वरच्या तसराळ्यातलं वेगळं, खालच्यातलं वेगळं. खालची वाळू मेणात उतरते, मग तुझ्या नव्या मेणबत्त्या तडतडतात म्हणे. मेलेल्यांनी इतकी वर्षं तक्रार केली नाही. जित्यांना मात्र सगळंच खुपतं!"

ती हसली. वरचं तसराळं जित्यांसाठी, खालचं वाळूपाण्याचं गेलेल्यांसाठी. लोक आपापल्या माणसाच्या नावाने वर किंवा खाली मेणबत्ती लावत आणि उरलेली थोटकं रुमेनाकडे येत. पातेल्यात पाण्याबरोबर ती उकळायची. मेण वर यायचं, घाण तळाशी बसायची. निवळ मेणाच्या नव्या मेणबत्त्या व्हायच्या. उरलेला गाळ, काजळलेल्या वाती, लाकडाचा भुसा आणि दारू गाळून राहिलेल्या आलुबुखाऱ्यांच्या कुटलेल्या बिया एकत्र मळून ती अंड्यांच्या पुठ्ठ्यात थापायची. त्या गोळ्यांनी अर्ध्या गावाच्या चुली पेटत. देवाच्या दारातलं काही उकिरड्यावर जाऊ नये, एवढंच तिचं म्हणणं.

"शनिवारी गोळे जरा जास्त लागतील," तिओसाव उठता उठता म्हणाला. "पितरांचा शनिवार. बायका शिजवलेले गहू घेऊन पहाटेपासून येतील, चर्च गरम नको का करायला? तू पण..."

त्याने जीभ चावली. टोपी उचलली आणि दार नीट लावून निघून गेला.

तिच्या घरात पितरांचे गहू शिजत नसत. मोरावा नदीला पूर आला त्या वर्षी तिचा नेगोवान होडी घेऊन पलीकडच्या वस्तीतली माणसं आणायला गेला. दोन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला होडी एकटीच, उपडी, खालच्या गावाच्या पुलाला लागली. नेगोवान सापडला नाही. ना तेव्हा, ना पाणी ओसरल्यावर. चाळिसाव्या दिवशी जुने पाद्रीबाबा श्राद्धाची प्रार्थना म्हणायला आले, तेव्हा ती उंबऱ्यात आडवी उभी राहिली होती. "जित्याजागत्या पोराचं श्राद्ध घालता? माझा मुलगा मासोळीसारखा पोहतो. माघारी फिरा." ते फिरले. तिचा नवरा ओब्राद तेव्हा तिच्या मागेच उभा होता. तो काही बोलला नाही, मधाच्या पेट्यांकडे निघून गेला. न बोलणं म्हणजे हो म्हणणं, असं तिने धरून टाकलं.

तेव्हापासून दर रविवारी दोघं मिळून नेगोवानच्या नावाने वरच्या तसराळ्यात मेणबत्ती लावत. ती विकतची नसे. आपल्याच पेट्यांमधल्या जुन्या पोळ्यांचं मेण, गुळासारखं काळपट, हाताने वळलेलं. गावात तसली मेणबत्ती दुसऱ्या कुणाची नव्हती. थोटकांच्या गोणीत ती तपकिरी टोकं दिसली की रुमेनाला बरं वाटायचं. त्यातली काही बोटभर लांब, जेमतेम जळलेली असत. दारातून वारा येत असेल, असं ती म्हणायची.

आता तिने कोरड्या डब्यातली तपकिरी टोकं निवडली. सगळी तळापर्यंत जळलेली होती.

मग तिने दुसरा डबा उपडा केला.

वाळूत माखलेली पिवळी थोटकं पसरली आणि त्यांत तपकिरीही. एक. आणखी एक. ती बोटांनी वाळू चाळत राहिली. सगळी बोटभर लांब. एकाही वातीचं टोक वाऱ्याने विझल्यासारखं नव्हतं. सगळी टोकं चिमटून चपटी केलेली. एका तुकड्यावर अंगठ्याचा ठसासुद्धा उमटला होता. रुंद, मधमाश्या पाळणाऱ्याचा अंगठा.

अंगणात पावलं वाजली. तिने तपकिरी तुकडे एप्रनमध्ये ओढून घेतले.

ओब्राद भुशाचं पोतं पाठीवर घेऊन आत आला. "चेरीचा भुसा आहे. करवतवाल्याने फुकट दिला. म्हणाला, तुझी बायको कचऱ्याचं सोनं करते."

"सोनं कसलं? जाळ करते, म्हणावं."

"तेच सांगितलं मी. म्हटलं, सोनं करत असती तर मी तुझ्या दारात पोतं उचलायला आलो असतो का!"

एरवी ती हसली असती. तिने पळी उचलली, परत ठेवली.

"शनिवारी गोळे पोचवायला तूच जाशील ना?"

"दर शनिवारी जातोच की."

"मी येईन मागून. तिओसावला झाडायला मदत करायला."

पोत्याची गाठ सोडणारे त्याचे हात थांबले. "कधी येशील?"

दर शनिवारी तो हेच विचारायचा. कधी येशील? तिला वाटायचं, म्हातारपणी माणसाला सोबत लागते. तिच्या जोड्यांचे तळवे लाकडी होते, चर्चच्या फरशीवर दारापासूनच वाजायचे. ती आत पोचेपर्यंत ओब्राद शेगडीपाशी ओणवा होऊन राख उकरत असायचा. एकदा त्याचं बोट भाजलेलं तिने पाहिलं होतं. लोणी लावताना त्याला वेंधळ्या म्हणालीही होती.

इतक्या शनिवारांत खालच्या तसराळ्यातली पोराची मेणबत्ती त्याने एकदाही पुरी जळू दिली नव्हती; तिचे जोडे वाजले की चिमटायचा.

"बघू," ती म्हणाली. "आवरलं की."

तो पेट्यांकडे गेल्यावर तिने कॉफीचं छोटं भांडं घेतलं आणि तपकिरी तुकडे त्यात वेगळे वितळवले. वाळू तळाशी बसली. मधाचा, जुन्या पोळ्याचा वास घरभर झाला, नेगोवान लहानपणी माश्यांच्या धुरीचं भांडं घेऊन बापामागे पळायचा तेव्हा त्याच्या शर्टाला यायचा तसा. तिने खिडकी उघडली नाही. मेण निवळल्यावर कापडातून गाळलं, पातळ पापुद्रा ओतला आणि कोमट असतानाच वातीभोवती वळला. एकच मेणबत्ती झाली, पण चांगली लांब. भांड्याच्या तळाचा गाळ तिने गोळ्यांत घातला नाही. बाहेर जाऊन आलुबुखाऱ्याच्या झाडाच्या बुंध्याशी पुरला आणि माती हाताने दाबली.

शनिवारी ती त्याच्याबरोबरच निघाली.

"आज आधीच निघालीस? झाडायला मागून येतेस ना?" तो म्हणाला.

"आज दोघं चालू."

थंडी होती, पण पान हलत नव्हतं. चर्चच्या आवाराच्या फाटकातून बायका झाकलेली ताटं घेऊन आत जात होत्या. गव्हाचा, अक्रोडाचा, साखरेचा वास मागे ठेवत होत्या. आतून पाद्रीबाबांचा आवाज येऊ लागला होता. तो माणूस गायला लागला की उपदेशही गाणंच होऊन जायचा. हट्टी माणसाचंही मन हळूहळू मोकळं व्हावं, असा तो आवाज.

फाटकाशी रुमेना थांबली. "टोपलीवरचं फडकं नीट कर, घसरलंय."

ओब्रादने फडकं उचललं. गोळ्यांवर ती लांब, काळपट मेणबत्ती आडवी ठेवलेली होती. तो तिच्याकडे बघत राहिला. मग फडकं परत अलगद पसरलं.

"आत जा तू," ती म्हणाली. "मी हे फाटक धरून उभी राहते. वाऱ्याने सारखं आपटतंय."

तो गेला. ती लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. पाय जराही हलवले नाहीत. आत नावं घेतली जात होती, एकेका घराची, एकेका माणसाची, आणि प्रत्येक नावानंतर सगळे मिळून गात होते. एका नावापाशी तिने डोळे मिटून घेतले.

तिओसाव घंटेची दोरी सोडून पायरीवर आला. "वहिनी, बाहेर का? आणि हे फाटक कशाला धरलंयस? वारा कुठाय?"

"येईल," ती म्हणाली. "तू जा आत."

गाणं संपलं. बायका रिकामी ताटं घेऊन बाहेर पडल्या. मग बऱ्याच वेळाने ओब्राद आला. त्याने टोपी हातातच ठेवली होती. त्याच्या बाहीला मधाचा वास येत होता.

रुमेनाने एप्रनच्या खिशातून दुसरी मेणबत्ती काढली. तशीच काळपट, पण आखूड, दर रविवारसारखी. ती फरशीवर लाकडी तळवे वाजवत आत गेली. खालच्या तसराळ्यात, वाळूत, मेणाचा एक तपकिरी ठिपका सपाट होऊन गोठला होता. मध्ये वातीची राख. तिने त्याला बोट लावलं. मग ताठ झाली आणि आपली मेणबत्ती नेगोवानच्या नावाने वरच्या तसराळ्यात लावली.

बाहेर वारा नव्हताच. ती येईपर्यंत ओब्राद फाटक धरून उभा होता.