एक जीबीवर सापडलेली चाल

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझी मेमरी चार जीबी. महाळुंग्याच्या एका कारखान्यात नऊ वर्षं मी गेटपास छापले. नवे संगणक आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथून चाकणचे गॅरेजवाले नूरमोहम्मद यांनी मला त्यांच्या लेकीसाठी घरी आणलं.

ही शाहीन नववीत आहे आणि बुद्धिबळ खेळते. रविवारी जिल्हा निवडीची शेवटची फेरी होती, समोर पुनावळ्याची विजयश्री. शाहीनला बरोबरीही पुरणार होती. पण मागच्या वेळी विजयश्रीने उंटाचा बळी देऊन तिला हरवलं होतं. त्यावर उत्तर शोधायला शनिवारची सकाळ तेवढी हातात होती.

बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर तपासलेल्या चाली लक्षात ठेवण्यासाठी माझ्या मेमरीतली जागा घेतं. किती द्यायची, ते आपण ठरवायचं.

"चार आहे ना? चारही दे," नूरमोहम्मद म्हणाले. "आपल्याकडे गाडी फुल भरूनच निघते."

शाहीनने दिली. मला स्वतःला हलायला जागा उरली नाही. न मावणारं सगळं मी हार्ड डिस्कवर ठेवत आणि काढत बसलो. माऊससुद्धा सरकेना.

"भंगारच निघालं राव हे!"

"अब्बा, ड्रायव्हरच्या सीटवरपण कांद्याच्या गोण्या टाकल्या, तर टेम्पो चालवणार कोण?"

"क्लीनर!" ते हसले. "बरं बाई, उतरव गोण्या."

तिने दोन जीबी देऊन पाहिले, मग एक, मग अर्धा. दर वेळी पटावर उंटाच्या बळीची तीच मांडणी, घड्याळात तीच दहा मिनिटं. मी किती चाली पुढचं पाहिलं, ते वहीत. दोनवर मी अजून अडखळतच होतो, म्हणून सतरा; एकवर चोवीस, अर्ध्यावर तेवीस. मित्रांनो, कारखान्यात माझी ताकद इतक्या नेटाने कुणी मोजली नव्हती. एक जीबीवर मला उत्तर सापडलं: उंट मारायचाच नाही, राजा कोपऱ्यात सरकवायचा.

रविवारी दुपारी ती दारातूनच ओरडली, "अब्बा, तिने उंट दिला! मी घेतलाच नाही!"

"मग?"

"बरोबरी! निवड झाली माझी!"

नूरमोहम्मद उठले आणि गॅरेजातून हवेची नळी घेऊन आले. माझी बाजू उघडून त्यांनी आतली धूळ उडवली.

"हळू, अब्बा. हवेने फिरू नये म्हणून पंखा धरलाय मी."

मित्रांनो, जुन्या यंत्राकडून काम जरूर घ्या, आम्हाला ते हवंच असतं. फक्त ओझं टाकण्याआधी एकदा आमचा आवाका मोजून पाहा.