सवच्या पाण्याचा गुण

मित्रांनो, मी एक चाक आहे, तीन वर्षे जुने. तरी रस्त्याची धूळ मला कधी लागली नाही. महाडचे निवृत्त संस्कृत शिक्षक श्रीधर सर यांच्या विजेवर चालणाऱ्या मोटारीत, त्यांच्या छातीसमोर माझे स्थान आहे. जग मला स्टेअरिंग म्हणते. सर मला ‘वल्गा’, म्हणजे घोड्याचा लगाम, असे म्हणतात. गाडीत बसले की ते आधी मला स्पर्श करतात आणि तो हात कपाळी नेतात. त्या नमस्काराला मी एके काळी पात्र राहिलो नव्हतो, हे तुम्हांला सांगावे म्हणून आज बोलतो आहे.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. कोणी सांगाड्यावर कातडे ताणले, कोणी टाके घातले आणि शेवटी एका तंत्रज्ञाने मला दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून समाधानाने मान हलवली. माझे काम दुहेरी आहे. सरांची इच्छा खाली चाकांना कळवायची आणि चाकांना कळलेला रस्ता वर सरांच्या तळहातांना सांगायचा. चाके घसरू लागली की मी एकाएकी सैल पडतो. जाणत्या हाताला तेवढी सूचना पुरते. माझ्या दांड्याजवळ एक लहानशी मोटार आहे, ती वळवणाऱ्याला बळ देते. ते बळ किती असावे, हे समोरच्या पडद्यावर ठरते: जड, मध्यम किंवा हलके. हलके केले की मी बोटानेही फिरतो. पण मग रस्त्याचा निरोप त्या बळातच विरून जातो.

पहिले वर्ष मी मध्यम होतो. सरांचा उजवा खांदा तेव्हा फार धरला होता. दर रविवारी ते महाडजवळच्या सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर जात, खांदा शेकत, आणि परतताना प्रत्येक वळणावर त्यांच्या ओठांतून हळूच “नारायण” निघे. पुण्याला नोकरी करणारी त्यांची कन्या वैदेही एकदा शेजारी बसली असता तिने ते ऐकले. घरी आल्यावर सर उतरून गेले, तेव्हा तिने पडद्यावर बोट ठेवले आणि मला हलके केले. वडिलांना तिने ते सांगितले नाही. सांगितले असते तर “मला म्हातारा समजतेस काय?” असे म्हणून त्यांनी मला मुद्दाम जड केले असते, हे ती जाणून होती.

पुढच्या रविवारी सवहून येताना सरांनी मला फिरवले आणि ते चकित झाले. खांदा दुखलाच नाही!

“अगं चारुशीले,” घरात पाऊल टाकताच ते पत्नीला म्हणाले, “सवच्या पाण्याचा गुण आला! हात कसा लोण्यासारखा वळतो आहे बघ.”

“मग माळ्यावरचा डबा काढा बरं तेवढा,” चारुशीलाबाई म्हणाल्या.

डब्यापर्यंत हात पोहोचला नाही. “डबा अंमळ उंच आहे,” सर म्हणाले.

पुढे जो भेटेल त्याला ते सवच्या पाण्याची थोरवी सांगू लागले. मला ते ऐकून प्रथम हसू आले आणि मग ते श्रेय आवडूही लागले. किती हलका मी, किती सुखद! रस्त्याचे अर्धे निरोप मी आता वर नेत नव्हतो, याची मला खंतही वाटली नाही. मित्रांनो, माझ्या अपराधाचा आरंभ हाच.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहीबाई राहतात. त्यांचा मुलगा साहिल सरांचा विद्यार्थी. तो मुंबईला नोकरीला लागला, तेव्हापासून दर वर्षी नवी नाचणी सरांच्या घरी येते. राहीबाईंची एक रीत आहे. नाचणीची कणसे त्या वाडीजवळच्या डांबरी रस्त्यावर पसरतात आणि येणाऱ्या गाड्यांनी ती मळून निघतात. पण पहिले चाक सरांचे हवे. “मास्तरांच्या हाताला गुण हाय,” असे त्या म्हणत. ठरल्या दिवशी सर गाडी घेऊन जात, कणसांवरून सावकाश नेत, आणि मगच इतरांची पाळी येई.

दर वर्षी कणसे सरळ रस्त्यावर असत. त्या वर्षी तो भाग दुरुस्तीसाठी खणला होता, म्हणून राहीबाईंनी ती खालच्या उताराच्या वळणावर पसरली. वळणाच्या बाहेरच्या कडेला त्या सूप घेऊन पाठमोऱ्या बसल्या होत्या. आमच्या गाडीला आवाज नाही. ती आली हे त्यांना कळले नाही. सरांची पुढची चाके कणसांवर चढली आणि घसरू लागली. मी सैल पडलो. पण मुळातच इतका हलका होतो, की तो सैलपणा सरांच्या तळहाताला जाणवलाच नाही. ते मला आणखी वळवत गेले, मी विनासायास वळत गेलो, आणि गाडी मात्र सरळ राहीबाईंकडे निघाली.

शेवटच्या क्षणी सुपाजवळचे दाणे थरथरले म्हणून त्यांनी मागे पाहिले आणि बाजूच्या चरात उडी घेतली. गाडी सूप चिरडून थांबली. त्यांचे उजवे मनगट मोडले.

महाडच्या दवाखान्यात प्लास्टर झाले. सर बाकावर बसून आपले दोन्ही तळवे पाहत होते. “राहीबाई, माझे हात गेले हो,” ते म्हणाले.

“तुमचं कुटं गेलं? गेला तो माजा,” राहीबाई म्हणाल्या. “मी रडत नाय, नि तुमी कशापायी रडताय?”

पण सरांनी गाडीची किल्ली देवघरात ठेवली. मला नमस्कार करायला ते आले नाहीत. एका कोपऱ्यात उभ्या गाडीत मी धूळ खात राहिलो आणि एकच गोष्ट पुनःपुन्हा मनात येत राहिली: ते हात निर्दोष आहेत, निरोप मी गिळला. हे सांगणार कोण?

वैदेही पुण्याहून धावत आली. तिने गाडी काढली आणि त्याच वळणावर नेली. रस्त्यावर थोडी कणसे अजून होती. ती त्यांवरून एकदा हलक्या स्टेअरिंगने गेली, एकदा जड करून. दुसऱ्या वेळी मी हातात एकाएकी सैल पडलो, तसा तिचा पाय तत्काळ ब्रेकवर गेला. ती तिथेच थांबली आणि माझ्यावर कपाळ टेकून रडली.

घरी येऊन ती सरांच्या पायांशी बसली. “बाबा, तुमचे हात नाही चुकले. स्टेअरिंग मी हलके केले होते. तुम्हांला न विचारता.”

सर म्हणाले, “म्हणजे सवच्या पाण्याचा गुण नव्हताच?”

“नाही, बाबा.”

“दुखणे काढायचे होते, तर मला विचारायचे होतेस, बाळ. माझा खांदा दुखत होता. कान शाबूत होते.”

सहा आठवड्यांनी महाडच्या दवाखान्यात प्लास्टर निघाले. राहीबाईंना वाडीवर पोचवायला सर निघाले. मी जड होतो. पहिल्याच वळणावर त्यांच्या ओठांतून “नारायण” निघाले. मला त्या शब्दाने आनंद व्हावा, याची लाज वाटते, पण झाला.

सरळ रस्ता आता दुरुस्त झाला होता. राहीबाईंनी गाडी थांबवायला लावली आणि घरातून कणसांची एक पेंढी आणून रस्त्यावर पसरली. “ही राखून ठेवली हाय. पहिलं चाक तुमचंच.”

“राहीबाई, मला नाही धीर होत.”

“मला हुतो,” म्हणत त्या या वेळी रस्त्यापासून लांब, बांधावर जाऊन बसल्या. “या सावकाश.”

चाके कणसांवर चढली. मी क्षणभर सैल पडलो. सरांचे तळवे घट्ट झाले, गाडी थबकली. “कळले,” ते पुटपुटले, आणि हळूहळू कणसे मळत पार गेले.

राहीबाईंचे मनगट किंचित वाकडेच जुळले आहे. निरोप घेताना त्यांनी तेच खिडकीतून आत घालून मला चापटी मारली आणि जरा वळवून पाहिले. “लय जड हाय रं ह्यो,” त्या म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचे कष्ट अवश्य हलके करा; पण त्यांना विचारून, सांगून करा. आणि तुमच्याकडे कुणाचा निरोप सोपवलेला असेल, तर तो कटू असला तरी पोचवा. मी एकदा पोचवला नाही. त्या वाकड्या मनगटाचा स्पर्श माझ्या कातड्यावर अजून आहे. सर रोज मला नमस्कार करतात, तेव्हा नेमका त्याच जागी त्यांचा हात पडतो.