केबिनीतला एकटा कॉम्प्युटर

लातूरच्या त्या क्लासात दहाला सीईटीची सराव परीक्षा होती. ऐंशी कॉम्प्युटर, ऐंशी पोरं आणि सगळ्याची जबाबदारी एकट्या समीक्षाची. कॉम्प्युटर सांभाळायच्या नोकरीला लागून तिला तीनच महिने झाले होते आणि तेवढ्यात तिने क्लासचे मालक संगमेश्वर सर यांच्याशी वाद घातला होता. विंडोजबरोबर येणारा अँटिव्हायरस घरी पुरतो. पण इथे कुणीही तो बंद करतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. मोठ्या कंपन्यांत असतं तसं, सगळ्या मशीनवर एका जागेवरून नजर ठेवणारं संरक्षण घ्या, असं तिचं म्हणणं.

"फुकटचं हाय ते काय वाईट हाय का?" सर म्हणाले होते. शेवटी महिनाभर चाचणीला कबूल झाले, तेही अट घालून. "माझ्या केबिनीतल्या मशीनला हात लावायचा न्हाई."

चाचणीचा आज शेवटचा दिवस. काही उजेड पडला नाही तर उद्या सगळं काढायचं आणि समीक्षाने पुन्हा तोंड उघडायचं नाही, असं ठरलेलं.

सरांचं दुखणं वेगळंच होतं. त्यांच्या जुन्या प्रश्नपत्रिका जुन्या मराठी फॉन्टात. तो फॉन्ट चालवणारं, कुठून तरी उचलून आणलेलं सॉफ्टवेअर अँटिव्हायरस रोज बाहेर फेकायचा. मग काय, रोज सकाळी आधी अँटिव्हायरस बंद, मग चहा! गावातले निम्मे टायपिंगवाले हेच करतात आणि वर स्वतःला हुशार समजतात.

पावणेदहाला समीक्षाच्या स्क्रीनवर लाल पट्टी उमटली. परीक्षेच्या सर्व्हरवरच्या फायलींना कुणीतरी कुलूप घालायला बघत होतं. नव्या संरक्षणाने एकदा अडवलं. पुन्हा अडवलं. सर्व्हर हल्ल्याला दाद देत नव्हता! हल्ला कोणत्या मशीनवरून येतोय ते तिने वाचलं आणि ती पळत सुटली.

केबिनीत सर शिरूर अनंतपाळहून आलेल्या पालकांना क्लासची थोरवी सांगत होते. समीक्षाने काही न विचारता टेबलाखाली वाकून नेटवर्कची वायर उपटली.

"ए, काय करायलीस!"

"सर, स्क्रीन बघा."

सरांच्या फायलींची नावंच बदलली होती, एकही उघडेना. प्रश्नपत्रिका टाइप करून देणाऱ्याच्या पेनड्राइव्हमधून सकाळी ही बला घरात आली होती आणि तिला हटकणारा अँटिव्हायरस तर सरांनीच झोपवून ठेवलेला.

"अन् परीक्षा?" सरांनी विचारलं.

"ऐंशीच्या ऐंशी मशीन चालू हायत, सर! एकालाबी धक्का न्हाई!" सांगताना तिला हसू आवरेना. नोकरी लागली तेव्हाही तिला एवढा आनंद झाला नव्हता.

दहा वाजले. काचेपलीकडे पोरं स्क्रीनला डोळे लावून प्रश्न सोडवायला लागली.

"माझ्या मशीनवरबी टाक ते," शेवटी सर म्हणाले. "पण मला बंद करायचं म्हणलं तर?"

"पासवर्ड लागतो. तो माझ्यापाशी हाय."

सर पालकांच्या देखत म्हणाले, "मला सांगू नको. मी मागितला तरी न्हाई."