शहाण्णव मीटर

गॅरेजमध्ये दोन खुर्च्या होत्या, हेल्मेट टांगायचे दोन खुंट, दोन पंखे, टायर तापवायच्या आठ गोधड्या आणि एक गाडी. दुसऱ्या गाडीच्या जागी फरशीवर पांढऱ्या पट्टीचे चार चौकोन होते, चाकं नेमकी कुठे थांबवायची ते दाखवणारे. सहा आठवड्यांत त्या चौकोनांवर कुणाचा पाय पडला नव्हता. मेकॅनिकांचा मुकादम दोन्ही हातांत टायर घेऊन यायचा तेव्हासुद्धा वळसा घालून जायचा. तसं करा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

धाकटा आपल्या खुर्चीत बसून बूट बांधत होता. तो कुणाचाच धाकटा भाऊ नव्हता. संघात दोन चालक होते, एक दुसऱ्यापेक्षा आठ महिन्यांनी लहान, एवढंच. मोठ्याला सगळे घड्याळ म्हणायचे. एका फेरीत तो जिथे ब्रेक दाबायचा, तिथेच पुढच्या पन्नास फेऱ्यांत दाबायचा, अर्ध्या मीटरचाही फरक पडायचा नाही.

अजिंक्यपदाच्या तक्त्यावर घड्याळ अजून पहिला होता. एकशे एकसष्ट गुण. तो गेला तेव्हा धाकटा एकतीस गुणांनी मागे होता. नंतरच्या दोन शर्यतींत त्याने चोवीस गुण मिळवले आणि एकशे चोपन्नवर आला. आज शेवटची शर्यत. पाचवा आला तर आठ गुण, म्हणजे एका गुणाने अजिंक्यपद त्याचं. सहावा आला तर सहा, म्हणजे एका गुणाने ते घड्याळचं. मेलेला माणूस गुण मिळवत नाही, पण त्याचे कमीही होत नाहीत.

शर्यत याच ट्रॅकवर होती. सहा आठवड्यांपूर्वी सरावाच्या दिवशी घड्याळ गेला तो इथेच, 'विहीर' म्हणतात त्या वळणावर. लांबलचक सरळ रस्ता, मग एकदम उतार आणि खाली डावीकडे वळण.

"भावजी."

घड्याळची बायको दारात उभी होती. धाकटा अर्धवट बांधलेल्या बुटानिशी उठला. ह्या वहिनीच्या हातचं तो चार वर्षं जेवला होता.

"बसा हो. शर्यतीआधी उभं राहून पाय दमवायचे नाहीत, हे तरी मला कळतं," ती म्हणाली. "एकच सांगायला आले. त्याची कीव येऊन मुद्दाम मागे राहू नका. तो चिडला असता. घरी आठवडाभर तोंड फुगवून बसला असता."

"नाही राहणार."

"आणि एक विचारायचंय." तिने पर्समधून एक छोटी वही काढली. "संघाने त्याचं सामान दिलं त्यात होती ही. शेवटच्या पानावरचं मला काही कळत नाही."

अक्षर घड्याळचं होतं, छापल्यासारखं. *विहीर. मी ११४. धाकटा ९६, टाकी ४०. मला जमत नसेल तर मी म्हातारा झालो.*

"ह्यातलं चाळीस म्हणजे काय, भावजी?"

"चाळीस किलो इंधन. टाकीत तेवढं होतं."

"तुमच्या गाडीत?"

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि वही मिटली.

संघाची एक रीत होती. वजन वाचवायला टाकीतला मापक काढून टाकलेला असायचा. त्यामुळे सरावात दर खेपेनंतर चालकाने स्वतःच्या हाताने पत्रक भरायचं: टायर कुठले, इंधन किती उरलं, गाडी कशी वाटली. मग गाडीतल्या नोंदयंत्राच्या रेघा पडद्यावर एकावर एक ठेवायच्या. घड्याळची निळी, धाकट्याची लाल. दोघांनीही एकमेकांचं सगळं पाहायचं, लपवाछपवी नाही.

घड्याळ गेला त्या दिवशी सकाळी त्याने चहा पिताना सगळ्यांदेखत विचारलं होतं, "काय रे धाकट्या, विहिरीला आजोबांसारखा जपून उतरतोस? कंबर दुखते का?" सगळे हसले. धाकटाही हसला. दुपारी, टाकीत फक्त आठ किलो उरलेलं असताना, त्याने वळणाच्या शहाण्णव मीटर आधी ब्रेक दाबला. हलकी गाडी कशीबशी वळली. पत्रकात त्याने इंधनाच्या रकान्यात चाळीस लिहिलं. घड्याळला एक रात्र झोप लागू नये, इतकीच त्याची इच्छा होती.

पण घड्याळ रात्रीपर्यंत थांबला नाही. पुढच्याच खेपेला तो टाकीत चाळीस किलो घेऊन गेला आणि त्याने शहाण्णवला ब्रेक दाबला, अर्ध्या मीटरचाही फरक न पडता.

चौकशीच्या अहवालात लिहिलं होतं: चालकाने ब्रेक उशिरा दाबला. त्यात खोटं काही नव्हतं.

शर्यत सुरू झाली आणि पहिल्याच फेरीत, विहिरीच्या तोंडाशी, धाकट्याला आरशात गाडीचं पिवळं नाक दिसलं. उजव्या आरशात, मागच्या चाकाला जवळजवळ चिकटलेलं. घड्याळ असाच यायचा. खाली वळल्यावर आरसा रिकामा होता.

दुसऱ्या फेरीला पुन्हा दिसलं. तिसऱ्यालाही. त्याने स्वतःला समजावलं की ऊन उतारावरून आरशावर येतंय, कोन तोच आहे म्हणून दर फेरीला येतंय. स्पष्टीकरण चांगलं होतं. बाराव्या फेरीला ढग आले, ऊन गेलं, आणि नाक आलं. मैदानात पिवळी गाडी एकच होती आणि ती तो स्वतः चालवत होता.

"धाकटे, विहिरीला फार लवकर थांबताय," कानात आवाज आला. ही आलेखताई, नोंदयंत्राच्या रेघा वाचणारी. "एकशे चौदा. सलग नऊ फेऱ्या एकशे चौदा."

"माझा किती असतो?"

तिने जुन्या रेघा पाहिल्या. "ह्या वेळच्या सरावात एकशे नऊ," ती म्हणाली. "चौदा तुमचा नाही."

त्यानंतर त्याने विहिरीजवळ आरशात पाहणं सोडून दिलं. तरी मानेच्या मागे कुणीतरी आपलं मोजमाप घेतंय असं वाटत राहिलं, शिंप्यासमोर उभं राहिल्यासारखं. पाय पुढे रेटायचा म्हटलं तरी एकशे चौदाला आपोआप खाली जायचा. एक गाडी पुढे गेली, मग दुसरी. शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा तो सहावा होता.

पाचवी होती एक पांढरी गाडी, झिजलेल्या टायरांची. ती एकशे दहाला ब्रेक लावायची. तिला गाठायची जागा एकच उरली होती.

"इंधन?" त्याने विचारलं.

"आठ किलो. घरी पोचाल, काळजी नको."

आठ किलोला शहाण्णव जमतं, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं.

सरळ रस्त्यावर तो बाजूला सरकला. दीडशेची पाटी गेली. एकशे चौदा आलं आणि त्याच्या पोटरीचा स्नायू स्वतःहून आवळला. त्याने दात घट्ट मिटून पाय वर धरून ठेवला. पांढरी गाडी मागे पडली. शंभरची पाटी गेली. त्याने आरशात पाहिलं. काहीच नव्हतं. मग त्याने ब्रेक दाबला.

पाचवा. एकशे बासष्ट.

मुकादमाने त्याला गाडीतून जवळजवळ उचलूनच काढलं. पाठीवर थापा पडल्या, कुणीतरी डोक्यावर पाणी ओतलं. मुकादम आनंदाच्या भरात पांढऱ्या चौकोनावर उभा होता आणि ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. धाकट्याच्या लक्षात आलं.

"जरा आत येता?" आलेखताईने विचारलं.

मागच्या खोलीत वहिनी आधीच बसली होती, हातात चहाचा कप. "अभिनंदन, भावजी," ती म्हणाली. तिचा आवाज खरा होता.

पडद्यावर विहिरीची लाल रेघ होती, शेवटच्या फेरीची. "संगणक नव्या रेघेशी सर्वांत जुळणारी जुनी रेघ आपोआप शोधतो," आलेखताई म्हणाली. "मला वाटलं निळी काढेल. दिवसभर निळीच काढत होता." तिने बटण दाबलं. काहीच बदललं नाही. पुन्हा दाबलं तेव्हा धाकट्याला कळलं की पडद्यावर दोन रेघा आहेत, तंतोतंत एकावर एक. "ही सरावाच्या दिवसाची. तुमचीच."

आरशाचा, पायाचा, पांढऱ्या गाडीचा, सगळ्याचा विचार त्याने केला होता. रेघा एकावर एक ठेवतात, हे तेवढं विसरला होता.

"बत्तीस किलोंचा फरक असलेल्या दोन गाड्या अशा एकसारख्या थांबत नाहीत, धाकटे. आजचे आठ मी स्वतः मोजलेत. त्या दिवशीच्या पत्रकात चाळीस आहेत."

वहिनीने कप खाली ठेवला.

"भावजी?"

हेल्मेट अजून त्याच्या हातात होतं. ते कुठे ठेवावं त्याला कळेना.

"आठच होतं," तो म्हणाला. "चाळीस मी लिहिलं."

बाहेर मुकादम कुणालातरी हाका मारत होता. वहिनी पडद्याकडे बघत राहिली. तिने आलेखताईला विचारलं, "मग चाळीस असताना शहाण्णवला ब्रेक मारला तर काय होतं? आकड्यात सांगा मला."

आलेखताईने कागद ओढला. सरळ रस्त्याच्या शेवटी वेग ताशी दोनशे पन्नास. विहीर पार व्हायला वळणाच्या तोंडाशी तो एकशे वीस हवा. आठ किलोची गाडी सहाशे आठ किलो, चाळीसची सहाशे चाळीस, ब्रेक तेच, अंतर शहाण्णव मीटर. तिने दोनदा गणित केलं, मग जुनी निळी रेघ उघडली आणि दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले.

हिशेबाने, चाळीस किलो इंधनासह: ताशी १२९.६ किलोमीटर.

नोंदयंत्रात, त्या दिवशी: ताशी १२९.४ किलोमीटर.