रोज पाणी मागणारं झाड

“हे न्या, ताई. महिनाभर पाणी नाही घातलं तरी मरत नाही.” रोपवाटिकेतल्या माणसाने तलवारीसारख्या उभ्या पात्यांची कुंडी पुढे सरकवली. “आळशी माणसाचं झाड. माझ्या मेहुण्याला हेच दिलंय.”

धाकटीला हसू आलं. महिनाभर. म्हणजे महिन्यातून एकदा घरी आलं तरी भागेल.

परगावच्या प्रयोगशाळेत मुख्य तंत्रज्ञाची जागा होती. अठरा वर्षं लोकांच्या दंडातून रक्त काढल्यावर ती चालून आली होती, आणि आज पाचपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. अडचण अण्णांची. तीन महिन्यांपूर्वी आई गेल्यापासून ते एका जागी ठरत नसत. खुर्च्या सरकवत, जिना उतरत, परत चढत. सांभाळायला ठेवलेल्या दोन बायका आठवड्याच्या आत हात टेकून गेल्या. “तुलाच ते कळतात गं,” दादा फोनवर म्हणायचा आणि फोन ठेवायचा. वैद्यबाई मात्र म्हणाल्या होत्या, घर निवलं की माणूसही निवतो, झाडं आण. अण्णा बसले तर तिसरी बाई टिकेल, आणि आपण सुटू.

तिने तिथूनच वैद्यबाईंना फोन लावला.

“पातं टोकदार आहे? कोरडं?” त्यांनी विचारलं.

“हो. पाणी फारसं लागत नाही.”

“मग ते नको. अण्णांचा वात वाढलाय. कोरडेपणा, भिरभिर, सगळी त्याचीच लक्षणं. त्यात समोर त्याचाच भाऊ आणून बसवतेस होय? रुंद पानांचं, जड, ओलसर बघ. रोज पाणी मागणारं.”

“रोजच? समजा, मी नसले एखाद दिवस?”

“तू कुठे निघालीस?”

“कुठे नाही.”

अठरा वर्षांत तिने कुणा डॉक्टरच्या चिठ्ठीत खाडाखोड केली नव्हती. तिने तलवारीची कुंडी जागेवर ठेवली आणि रुंद पानांची दोन झाडं, एक नेचा, असं ओझं रिक्षात घातलं.

“हे काय, जंगल?” अण्णांनी दार उघडलं.

“वैद्यबाईंनी सांगितलंय.”

“मग एक वाघही पाठव म्हणावं.”

तिने खिडकीखाली कुंड्या मांडल्या, माती भिजवली. ओल्या मातीचा वास खोलीभर झाला. अण्णा दोन फेऱ्या मारून आले, खुर्ची ओढून बसले. ती शेजारी जमिनीवर बसली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. अण्णांचे पाय हलत नव्हते. तीन महिन्यांत असं झालं नव्हतं. वैद्यबाईंचे पाय धरावेत, असं तिला वाटलं.

साडेचारला ती होकार कळवायला आतल्या खोलीत गेली. मागे खुर्ची सरकली. अण्णा दारात उभे.

“काही हवंय?”

“नाही. तू कुठे गेलीस ते बघत होतो.”

ती परत येऊन बसली. ते बसले. थोड्या वेळाने ती पाणी प्यायच्या निमित्ताने उठली. तेही उठले, स्वयंपाकघरापर्यंत आले. झाडांकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

“अण्णा, उद्यापासून एक बाई येईल दिवसभर.”

“कशाला? तू आहेस की.”

बाहेर ऊन आहे, हे सांगावं तितक्या सहज ते बोलले.

पाचला पाच मिनिटं कमी असताना तिने कुंड्यांपाशी बसूनच फोन लावला.

“नाही जमणार मला.”

“कारण काय लिहू, मॅडम?”

“काही नका लिहू.”

“कुणाचा फोन?” अण्णांनी विचारलं.

“कामाचा.”

“झालं काम?”

“झालं.”

अण्णांनी मान डोलावली. एक रुंद पान तळव्यावर घेऊन त्यावरची धूळ ते ओल्या फडक्याने पुसू लागले, शिरेच्या कडेने, सावकाश. ते पान झाल्यावर त्यांनी शेजारचं पान देठापाशी धरलं आणि तिचा हात पोचेल असं खाली वाकवलं.