विहिरींच्या पुस्तकाचा दुसरा भाग

नांदेडच्या पॉलिटेक्निकातून निवृत्त झाल्यावर रेणुकादासांना एकच नाद उरला, जुन्या तांत्रिक पुस्तकांचा. पुलांची, पंपांची, जमीनमोजणीची पुस्तकं त्यांनी कुठून कुठून गोळा केली होती. त्यात एक उर्दू पुस्तक होतं, विहिरी बांधण्यावरचं, निजामाच्या काळात छापलेलं. ते वाचता यावं म्हणून साठीत ते उर्दू शिकले. पण पुस्तक दोन भागांचं, आणि त्यांच्याकडे पहिलाच. वाळूच्या थरात विहिरीचं बांधकाम खचू न देता खाली कसं न्यायचं, इथंच तो संपायचा. अकरा वर्षं ते तिथं अडकून पडले होते.

एके दिवशी भागवतचा, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याचा, उमरीहून फोन आला, तसलंच एक पुस्तक गावातल्या साखराबाईकडे आहे म्हणून. दुपारी रेणुकादास तिच्या ओसरीवर होते. तिचा वारलेला नवरा, बजरंग मिस्त्री, पंचक्रोशीत विहिरी बांधायचा. तिनं फडक्यातून पुस्तक काढलं. दुसरा भाग. समासात मिस्त्रीनं पेन्सिलीनं मराठीत लिहून ठेवलेलं, कुठल्या शिवारात किती हातांवर पाणी लागलं.

"मावशी, हे मला द्याल का?"

"न्हाई. नातीचं हाय ते. तनुजा लातूरला इंजिनेरी शिकून राहिली. बसा, च्या टाकते."

ती आत गेली. रेणुकादास उठले, बसले, पुन्हा उठले. मग पुस्तक पिशवीत टाकून ते चालू लागले.

एसटीत त्यांनी ते उघडलं, पण एक ओळ डोक्यात शिरेना. नजर सारखी पेन्सिलीवर जायची. 'चिंचेजवळ, बावीस हात, गोड.' दुसऱ्याच थांब्यावर ते उतरले आणि मिळेल त्या ऑटोनं माघारी आले.

साखराबाई पायरीवरच बसली होती. शेजारी चहावर साय धरली होती.

"कोणाला सांगितलं का?" त्यांनी खाली मान घालून विचारलं.

"न्हाई. मास्तर मानूस, येईल म्हनलं. न आलात तर सकाळी सांगनार होते."

त्यांनी पुस्तक पुढं ठेवलं. तिनं एकेक पान उलटून पाहिलं.

"ह्यांनी लिव्हलेलं मला वाचता येतंय. छापलेलं न्हाई. तुमाला येतं?"

"येतं."

"मंग हितं बसून वाचा, माज्यासमोर. घरी न्यायाचं न्हाई."

तेव्हापासून दर रविवारी ते उमरीला जातात. वाचून मराठीत सांगतात. मधेच ती थांबवते, "असं न्हाई करायचे ते," आणि मिस्त्री कसं करायचा ते सांगते. रेणुकादास तेही वहीत उतरवून घेतात.

दिवाळीला तनुजा पुस्तक घेऊन जाणार. चाळीस पानं उरलीत. मधल्या वारी येऊ का, म्हणून त्यांनी विचारून पाहिलं.

"बुधवारी खुरपणी हाय," ती म्हणाली. "रविवारीच या."

आठवडाभर त्यांचं कशात मन लागत नाही. रविवारी पहिल्या गाडीच्या तासभर आधीच ते थांब्यावर येरझारा घालत असतात.