अकरावं भोक

आमच्या क्लबातली कागदाची निशाणं शनिवारी दुपारी काढणार होते. त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक निशाणं येणार, आणि गोळी कुठे लागली ते शेजारच्या स्क्रीनवर लगेच दिसणार. जगभर ती केव्हाच आलीत. मी स्वतः पंधरा वर्षं त्यांच्यावरच मारते आणि माझी बरीचशी पदकंही त्यांच्यावरचीच आहेत, तेव्हा कागदासाठी गळा काढायचं मला खरं तर काही कारण नव्हतं. तरी आदल्या दिवशी मी ताईला फोन केला. म्हटलं, ये, शेवटचं एकदा कागदावर मारू. दोघी, शेजारीशेजारी.

ताई कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात आणि ती दिवसभर दिव्याखाली बसून एकेक दात घासून बसवते. तिने सांगितलं की एक आजोबा तीन दिवस बिनदातांचे बसलेत, त्यांची कवळी उद्या संध्याकाळपर्यंत पोचवायची आहे. मी म्हटलं, तीन दिवस पातळ खाल्लंय, आणखी एक सकाळ खातील. त्यावर ती हसली नाही. पण नाहीही म्हणाली नाही, आणि बावीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं.

बावीस वर्षांत ताई माझ्या एकाही स्पर्धेला आलेली नाही. दोनदा मी जगज्जेती झाले, तेव्हा दोन्ही वेळा तिचा निरोप आला, ‘छान.’ एवढाच. घरी गेलं की प्रेमाने वाढायची, मुलांचं विचारायची, माझ्या खांद्याला मालीश करून द्यायची. बंदुकीचा विषय निघाला की उठून गॅस पुसायला लागायची. आणि मी, जिच्या तोंडाला भले भले पंच टरकतात, ती मूग गिळून बसायची. कारण तिने मला काय दिलं होतं ते मला ठाऊक होतं, आणि ते तिच्या तोंडून ऐकायची मला भीती वाटायची. ऐकायची इच्छाही तेवढीच होती. पदकाच्या ओट्यावर उभी असतानासुद्धा माझं लक्ष डावीकडे जायचं. तिथे कोणीतरी परकी बाई हसत उभी असायची.

आमचे बाबा क्लबात बंदुका दुरुस्त करायचे. त्यामुळे आम्हा दोघींना रेंज म्हणजे अंगणच होतं. ताई चौदाची आणि मी अकराची असताना त्यांनी आम्हाला चटईवर पालथं झोपवलं आणि पहिला धडा दिला. नेम हातांनी धरायचा नाही, अंगाने धरायचा. डावं कोपर एकदा टेकलं की टेकलं. डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे. बंदूक ज्या ठिकाणी बघत असेल त्या ठिकाणी तुमचं अंग आहे. ती निशाणावर नसेल तर बंदूक ढकलायची नाही, कोपर हलवायचं. हे ते इतक्यांदा सांगायचे की आई म्हणायची, जेवतानासुद्धा या पोरी डोळे मिटून घास घेतील.

ताई माझ्याहून चांगली होती. हे मी नम्रतेने सांगत नाहीये, माझ्यात ती नाहीच. क्लबात मला ‘धाकटी’ म्हणायचे, तिला ‘मोठी’, आणि त्यात वयाचा संबंध कमी होता. मी मारायला लागले की तोंड चालायचं, दहाऐवजी एखादा नऊ लागला की दिवसभर धुसफूस. ताई दगडासारखी पडून राहायची. दुसऱ्याच्या निशाणावर गोळी मारणं हा आमच्यातला सगळ्यात लाजिरवाणा प्रकार. नवशिक्यांकडून होतो, कारण पन्नास मीटरवरून सगळे कागद सारखेच दिसतात आणि वरचा नंबर बघायला माणूस विसरतो. मीसुद्धा दोनदा केलाय. ताईने सहा वर्षांत एकदाही केला नव्हता.

आणि मग निवड चाचणी आली. देशाच्या संघात एकच जागा होती. साठ गोळ्या, सहा कागद, एकेका कागदावर दहा. ताई अकरा नंबरच्या लेनवर, मी तिच्या उजवीकडे बारावर. आम्हा दोघींत दुर्बीण एकच होती, म्हणून तिचा स्टँड मधोमध ठेवलेला. मी उजव्या हाताने मारते, ताईही. डावीकडे ठेवलेल्या दुर्बिणीत अंग न हलवता बघता येतं. माझ्या ती डावीकडे होती, ताईच्या उजवीकडे. सोयीची बाजू तिने मला दिली होती, नेहमीसारखी, आणि मी घेतली होती, नेहमीसारखी.

शेवटच्या कागदावर माझी नववी गोळी बिघडली. चाप सुटतानाच कळलं. दुर्बिणीत बघितलं तर आठ, उजवीकडे खाली. मी कपाळ चटईवर टेकलं आणि ठरवून टाकलं की संपलं. दहावी कशीबशी मारली, उठले, आणि ताईकडे न बघता पाणी प्यायला गेले.

कागद आणायला बाबाच गेले होते. परत आले ते हातातल्या कागदाकडे बघत बघत. माझ्या कागदावर अकरा भोकं होती आणि ताईच्या कागदावर नऊ.

पंचांनी नियम काढला. कोणाचं भोक कोणतं ते ठरवता येत नसेल, तर ज्याच्या कागदावर जास्तीचं आहे त्याने सगळ्यात वाईट सोडून द्यायचं आणि वरचे दहा धरायचे. ज्याची गोळी भरकटली त्याला शून्य. माझा आठ गेला आणि त्याच्या जागी दहा आला. ताईचे पाचशे एकोणनव्वद व्हायचे ते पाचशे एकोणऐंशी झाले. माझे पाचशे शहाऐंशीचे अठ्ठ्याऐंशी झाले. बँकेत काम करणारी एक बाई पाचशे सत्त्याऐंशीवर होती, तिचं तोंड अजून आठवतं.

म्हणजे बघा. ताईची गोळी नुसती मातीत गेली असती, तर बँकवाली गेली असती. माझ्या कागदावर आठ लागला असता, तरी बँकवालीच; नऊ लागला असता तर नुसती बरोबरी. मला संघात घालायचं तर नेमका माझाच कागद आणि नेमका दहाच हवा होता. जी कधी चुकली नाही, ती त्या एकाच गोळीला चुकली, आणि चुकून दहा मारला. यावर कोणाचा विश्वास बसेल? क्लबात सगळे मला खाजगीत सांगून गेले, बहिणीने दिलं हो तुला. मी गेले, जिंकले, पुढे जिंकतच राहिले. त्यानंतर सहा महिन्यांत ताईने बंदूक सोडली.

शनिवारी ती बरोबर दहाला आली, कवळीचा डबा पिशवीत सांभाळत. माझं जुनं जॅकेट तिला दिलं. ते तिला पुढून बसेना, तेव्हा म्हणाली की याचीही कवळी करायला हवी, साचा घेऊन. मला इतकं बरं वाटलं की मी उगाच पट्टे आवळत बसले. रेंजवर आम्ही दोघीच होतो. माळ्याने भिंतीकडेचं गवत कापलं होतं, त्याचा वास येत होता. मी अकरा आणि बारावर कागद लावून आले. स्टँड एकच आणला. मुद्दामच.

ताई अकरावर झोपली. पट्टा दंडात घातला, कोपर टेकलं, डोळे मिटले. चाळिशी उलटलेली बाई, पाठ दुखते म्हणून घरी खुर्चीत उशी घेऊन बसते, ती चटईवर गेली आणि अशी निजली की मला पुन्हा सतरा वर्षांची झाल्यासारखं वाटलं. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, पण तिचे डोळे मिटलेले होते.

ती डोळे उघडून थांबली. थांबलीच. मी मनात श्वास मोजले, वीस झाले. चाप ओढला नाही. मान उचलून वरचा नंबर बघितला, परत गाल दस्त्याला लावला, परत नंबर बघितला. मग बंदूक खाली ठेवली.

“हे असं होतं,” ती म्हणाली. “तेव्हापासून. नंबर बघण्यातच श्वास संपतो.”

मी विचारलं. बावीस वर्षं विचारायचं राहिलेलं, ते शेवटी अगदी साध्या शब्दांत आलं. “ताई, तू मला ते दिलंस ना?”

ती पालथीच होती, हनुवटी हातावर. 

“नाही गं. चुकले मी.”

मला वाटलं, ही पुन्हा मोठेपणा करतेय. मी तसं म्हटलंही, जरा तावातच. तेव्हा तिने सांगितलं. तिच्या नऊ गोळ्या झाल्या होत्या. माझी नववी वाजली ती आवाजावरूनच तिला बरी वाटली नाही. वाकून तिने दुर्बिणीतून माझा कागद बघितला, आठ दिसला. मग मी कपाळ टेकलेलं दिसलं. आता ही रडणार, असं वाटून ती माझ्याच कागदाकडे बघत राहिली, माझी दहावी लागेपर्यंत. मी उठून गेले. मग तिने गाल लावला, समोर काळा ठिपका स्थिर होता, तिने मारला.

“इतका स्वच्छ शॉट मी आयुष्यात मारला नव्हता,” ती म्हणाली. “मला वाटलं, जिंकले.”

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, सांगणारच होते. पण त्या रात्री बाबा तिच्या खोलीत आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, मोठं मन केलंस. आमचे बाबा. ज्यांनी उभ्या जन्मात कोणाला बरं म्हटलं नाही, ज्यांची सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे ‘हं’. त्यांना कसं सांगायचं की मन वगैरे काही नव्हतं, कोपर हललं होतं? नंतर तू म्हणायला लागलीस, क्लब म्हणायला लागला. निष्काळजी म्हणवून घेण्यापेक्षा उदार म्हणवून घेणं सोपं होतं, ती म्हणाली. फक्त स्पर्धेला येऊन तुझ्यासाठी टाळ्या वाजवणं जमलं नसतं.

मग अगदी हळू ती म्हणाली, “मला जायचं होतं गं, धाकटे. मलाच जायचं होतं.”

माझी सगळी कारकीर्द मी एका समजुतीवर काढली होती, की तिने स्वखुशीने पाणी सोडलं म्हणून मी इथे आहे. तिची आठवण यायची तेव्हा त्या समजुतीचाच आधार असायचा. आता तोही गेला. तिला ते हवं होतं, माझ्याइतकंच, आणि माझी काळजी करताना तिच्या हातून ते गेलं.

मी उठले आणि तिला म्हटलं, जागा बदल. तू बारावर ये. ती म्हणाली, कशाला. मी म्हटलं, ये म्हणते ना. तिने कुरकुरत चटई बदलली. आता दुर्बीण तिच्या डावीकडे होती, सोयीच्या बाजूला. मी अकरावर झोपले, कोपर टेकलं, डोळे मिटले, उघडले. बंदूक बरोबर अकरावर होती.

“मार,” मी म्हटलं. “नंबर मी बघते तुझा. बारा आहे. मार.”

ती मारेना. मी पुन्हा म्हटलं, बारा आहे, ताई. तिचा श्वास ऐकू येत होता, एक, दोन, आणि मग तो मध्येच थांबला, पूर्वी थांबायचा तसा. आवाज झाला. मी वाकून दुर्बिणीला डोळा लावला. नऊ, वरच्या अंगाला. मी सांगितलं. ती म्हणाली, हं, अगदी बाबांसारखं. दुसरी मारली, दहा. तिसरी, दहा. मी दुर्बिणीतून डोळा काढलाच नाही. माझा जीव त्या कागदात अडकला होता. चौथी नऊ गेली तेव्हा मी तिच्यापेक्षा जास्त हळहळले. पाचवी पुन्हा दहा, अगदी मधोमध.

“आता तू,” ती म्हणाली. “की नुसती बघायला आलीस?”

मी परत मागे झाले, गाल दस्त्याला लावला. सवयीने डोळे मिटले, दोन श्वास घेतले, डोळे उघडले. समोर काळा ठिपका उभा होता, गोल, स्थिर, आयुष्यभर हवा असतो तसा. अंग शांत होतं. बोट चापावर गेलं. ओढायचंच होतं. मग कशाला तरी मान उचलून मी वर बघितलं.

बारा.

मी खाली बघितलं. माझं डावं कोपर मघाशी टेकलं होतं तिथून दोन बोटं उजवीकडे सरकलं होतं. चटईवर त्याचा जुना खळगा तसाच होता, रिकामा. आणि मी सरकले ते मला कळलंही नव्हतं.

मी बोट काढून घेतलं. नजर परत त्या नंबरावर गेली, आणि तिथून हलेना.

“मारत का नाहीस?” ताईने विचारलं.

“थांब,” मी म्हटलं. “नंबर बघतेय.”